पालट

शर्वरी गावंडे आभाळ फिरवते, असं शेंदुरजनाघाटात लोक म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण त्या थट्टेत थोडा अभिमानही असायचा. अमरावती जिल्ह्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं. तिचा मोठा भाऊ निशांत तिथे रोपवाटिका चालवायचा. हिरव्या जाळीखाली जंभेरी लिंबाच्या खुंटांवर बांधलेली चार लाख कलमं उभी असायची, आणि दूरदूरच्या गिऱ्हाइकांना रोपं दाखवता दाखवता तो हमखास सांगायचा, "माही बहीण पुण्यात असते. पालट तिच्याच हातात हाय."

पालट म्हणजे काय, हे २०४६ साली कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. चौथी-पाचवीच्या पुस्तकात त्याचा धडा होता. थरच्या वाळवंटात चार हजार चौरस किलोमीटरवर अंथरलेली पत्र्याची पानं, एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी. पुण्यातल्या नियंत्रण केंद्रातून हुकूम गेला की हवी तेवढी पानं मिळून कूस बदलायची. काळी बाजू वर आली की जमीन तापायची, पांढरी आली की ऊन परत फिरायचं. एवढंच यंत्र.

पण ते बसवलं होतं नेमक्या जागी. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड, कोरडी हवा खाली उतरते आणि दक्षिणेकडून समुद्रावरची उबदार हवा वर सरकते. या दोन वायुराशी जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींत चटकन मिसळत नाहीत. थंड हवा जड असते, ती दाटून बसते; उबदार हवा फुगून उंच होते. त्यामुळे बारा किलोमीटर वर गेलं की उबदार बाजूला दाब जास्त आणि थंड बाजूला कमी, असा मोठा फरक पडलेला असतो. त्या उतारावरून हवा उत्तरेकडे धावू पाहते, पण पृथ्वी फिरत असल्यानं ती उजवीकडे ढकलली जाते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची एक नदीच तयार होते. हाच जेट प्रवाह. खाली थंड-उबदार यांच्यातला फरक जितका तीव्र, तितकी वरची नदी वेगवान.

हिमालयावरचं बर्फ आटत चाललं, यमुना मे महिन्यात पायी ओलांडता येऊ लागली, तेव्हा कोणीतरी उलटा विचार केला. फरक आपणच वाढवला तर? उबदार बाजूची जमीन आणखी तापवली तर? जेट जोर धरेल, भूमध्य समुद्राकडून येणारे बर्फाळ चक्रावात ओढून आणेल आणि ते हिमालयावर रिते होतील. तसंच झालं. तीन हिवाळे डोंगर पांढरेशुभ्र राहिले. नद्यांना उन्हाळ्यातही पाणी आलं. पालट चालवणाऱ्या शर्वरीला पुरस्कार मिळाला, तो सोहळा बघायला आई पहिल्यांदा विमानात बसली.

चौथ्या हिवाळ्यात, सोळा फेब्रुवारीला सकाळी, तबस्सुम शेख तिच्या खोलीत आली. तबस्सुम केंद्रातलं हवामान वर्तवणारं गणिती प्रारूप चालवायची. कधी नव्हे ती दार लावून घेऊन बोलली.

"मॅडम, जेटला वळण पडलंय."

"ते रोजच पडतं."

"हे हलत नाहीये. पाच दिवस झाले." तिनं पडद्यावर नकाशा उघडला. वाऱ्याची नदी राजस्थानपर्यंत सरळ येत होती आणि तिथून एखाद्या दोरीला झोल पडावा तशी दक्षिणेला लोंबली होती. झोलाचा तळ विदर्भावर टेकला होता. "आपण एका जागी जोर लावला, पुढे ती नागमोडी झाली. वरून कोरडी थंड हवा खाली ओढली जातेय, आणि खालून बंगालच्या उपसागराची दमट हवा आत येतेय. दोन्ही एकोणीस तारखेला दुपारी भेटतायत."

"कुठे?"

तबस्सुमनं नकाशा मोठा केला. काटोल, वरूड, मोर्शी. साठ किलोमीटर रुंदीचा एक जांभळा पट्टा. त्याच्या बरोबर मध्यावर शेंदुरजनाघाट होतं.

"गारा?"

"मोसंबीएवढ्या. पस्तीस-चाळीस मिनिटं."

शर्वरीनं प्रारूप पुन्हा चालवायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. जांभळा पट्टा तसूभर हलला नाही.

दुपारी केंद्राचे संचालक डॉ. उपासनी यांच्या खोलीत तिघं बसली. उपासनी साठीचे, मृदू बोलणारे. रागावले तरी आवाज चढायचा नाही.

"आत्ता निम्मी पानं काळी आहेत. ती पांढरी केली तर?" त्यांनी विचारलं.

"उशीर झालाय," तबस्सुम म्हणाली. "फरक कमी झाला की जेट मंदावेल. मंद जेटमधलं वळण पुढे सरकत नाही, उलट जागीच रेंगाळतं. गारा तिथेच पडतील, वर पाऊस दोन दिवस जास्त."

"आणि सगळी काळी केली तर?"

तबस्सुमनं शर्वरीकडे पाहिलं. उत्तर शर्वरीनं दिलं. "जेटचा वेग वाढेल आणि वळण आग्नेयेकडे ढकललं जाईल. साडेतीनशे किलोमीटर. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याच्या आसपास."

"तिथे वस्ती किती?"

"त्या पट्ट्यात चाळीस हजार. इकडे सहा लाख."

उपासनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग गणित सरळ आहे."

"सर, माझं माहेर त्या पट्ट्यात आहे. मी या निर्णयात नको."

"या आठवड्याची पाळी तुझी आहे. हुकूम तुझ्याच नावानं जातो. दिल्लीला मी फोन केला होता, ते म्हणाले पुण्याच्या केंद्रानंच ठरवावं. म्हणजे लेखी कोणी काही देणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुझं माहेर कुठे आहे, हे मला माहीत नाही असं समज."

"मग सिरोंच्याला आत्ताच सावध करू या. तीन दिवस आहेत."

"काय सांगून? आज जगातलं कुठलंही प्रारूप वरूड दाखवतंय. आपण सिरोंचा म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, तुम्हाला कसं कळलं? उद्या पानं फिरली की परवा सगळ्यांनाच दिसेल. तेव्हा नेहमीच्या वाटेनं इशारा जाईलच."

शर्वरीला बोलायचं होतं. नेहमीच्या वाटेनं जाणारा इशारा जंगलातल्या पाड्यापर्यंत कधी आणि कसा पोचतो, हे तिला माहीत होतं. पण ती गप्प बसली. पुढे तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं ते पानं फिरवण्याबद्दल नाही, या गप्प बसण्याबद्दल.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिनं भावाला फोन लावला. पुण्यात वीस वर्षं काढून तिची बोली पुसट झाली होती. दादाशी बोलताना आपोआप परत यायची.

"बोल शरू. काय करून राह्यली?"

"दादा, एकोणीसले वाडीत कोण कोण राहीन?"

"एकोणीसले? काहून वं? ट्रक भरायचे हायेत ना. शंभरेक बाया-माणसं असतीन." मग त्याचा सूर बदलला. "गारपीट हाय काय?"

"हो."

"केवढी?"

"मोसंबीएवढी."

पलीकडे कोणाला तरी तो हातानं थांब म्हणाला असावा. मागचे आवाज बंद झाले. तो जाळीबाहेर आला होता.

"तू सरकवू शकतं काय ते?"

"सरकवता येते."

"मंग सरकव ना! मले काय इचारून राह्यली?"

"दादा, ते नाहीसं नाही होत. दुसरीकडे पडते. सिरोंच्याकडे."

शर्वरीला वाटलं, तो आता म्हणेल, 'राहू दे.' तो तसा होता. लहानपणी शेजारच्यांच्या बैलाला आपल्या विहिरीचं पाणी मिळावं म्हणून बापाशी भांडलेला.

"तिथी लोकं कमी हायेत ना?" त्यानं विचारलं.

"कमी हायेत."

"हे बोलणं आपलं झालंच नाही, शरू. मी तुले काहीच म्हटलं नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "पण आई इथीच हाय, एवढं ध्यानात ठेवजो."

सतरा तारखेला सकाळी आठ चाळीसला शर्वरीनं हुकूम दिला. पडद्यावर वाळवंट दिसत होतं. पश्चिमेच्या कडेपासून पानं उलटू लागली, आणि वाऱ्यानं जोंधळ्याचं शेत लवावं तशी एक काळी लाट क्षितिजापर्यंत सरकत गेली. अकरा मिनिटांत पांढऱ्याचा ठिपका उरला नाही. खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तबस्सुम उठून पाणी प्यायला गेली ती बराच वेळ परतली नाही.

अठराला झोल हलला. आधी थोडा, मग भराभर. एकोणीसला दुपारी शेंदुरजनाघाटात वारा सुटला, चार थेंब पडले, ऊन आलं. दीड वाजता सिरोंच्याच्या रडारवर लाल ठिपका उमटला आणि बघता बघता पांढरा झाला. रडारवर पांढरा म्हणजे बर्फ.

इशारा त्या दिवशी सकाळी साडेसातला निघाला होता. 'तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस व गारपिटीची शक्यता.'

बावीस माणसं गेली. त्यांतल्या सतरा बाया मिरची तोडायला गेल्या होत्या, उघड्या रानात. जवळ एक झाड नव्हतं.

बातमी आली तेव्हा निशांतचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उपासनींनी मात्र तिला बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि दुःखाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, एक दबलेला उत्साह.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण शर्वरी, आपण वळण सरकवलं. तीनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर. जगात हे कोणी केलेलं नाही. काल दिल्लीहून स्वतःहून फोन आला. आता दर वेळी धावपळ नको, आधीच ठरवून ठेवू म्हणतात."

"काय ठरवून ठेवायचं?"

त्यांनी काही कागद पुढे केले. मसुदा, असं वर लिहिलं होतं. खाली जागांची यादी होती. महानगरं, धरणं, कारखान्यांचे पट्टे, तीर्थक्षेत्रं, छावण्या. कोणावर काही पडू द्यायचं नाही, त्याचा क्रम. तीन पानांची यादी होती. शर्वरीनं तिसरं पान उलटून पाहिलं. त्या यादीत जे नव्हतं त्याचं काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला. उपासनी दारापर्यंत आले. "तू गेलीस तर ही खुर्ची रिकामी राहील असं वाटतं का तुला?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

सिरोंच्यापासून पुढे अठरा किलोमीटरवर मिरचीवाल्या बायांचं गाव होतं. शर्वरी तिथे गेली तेव्हा छपरांवर कौलं उरली नव्हती. निळं प्लॅस्टिक टाकून वर दगड ठेवले होते. आरोग्यसेविका कमला आत्राम तिला घराघरातून घेऊन गेली. पन्नाशीची, ठेंगणी बाई. उजवा हात फळीला बांधलेला. ती स्वतः त्या दिवशी मिरची तोडायला गेलेली होती.

"माझ्याकडे लोखंडी घमेलं होतं," कमला म्हणाली. "ते डोक्यावर धरून बसले. बाकीच्यांकडे प्लॅस्टिकच्या टोपल्या. अठराजणी होतो." हाताकडे पाहत ती पुढे म्हणाली, "घमेल्याखाली दोघी मावत नव्हत्या. माझी सून शेजारीच होती."

अंगणात खाटेवर बसून तिनं शर्वरीला चहा दिला. एक लहान मुलगी कमलाच्या मांडीवर येऊन बसली. सुनेची मुलगी.

"तुम्ही मदतवाल्या का? नाव नाही लिहून घेतलं कोणाचं."

"नाही. मी..." शर्वरीनं कप खाली ठेवला. "कमलाबाई, या गारा दुसरीकडे पडणार होत्या. माझ्या माहेरी. मी त्या इकडे सरकवल्या."

कमलाला आधी कळलंच नाही. शर्वरीनं पुन्हा सांगितलं. वाळवंट, पानं, वरची वाऱ्याची नदी, वळण. सोपं करून सांगितलं, आणि सांगताना तिला जाणवलं की शाळेतल्या मुलांना सांगायचे तेच शब्द आपण वापरतो आहोत. कमला नातीच्या केसांतून डाव्या हातानं बोटं फिरवत ऐकत राहिली.

"तुमच्या माहेरी घरं कशी आहेत?" तिनं शेवटी विचारलं.

"पक्की. स्लॅबची."

"म्हणजे तिथे आधी सांगितलं असतं, तर माणसं घरात बसली असती."

"हो."

"मग काय मेलं असतं तिथे?"

"झाडं," शर्वरी म्हणाली. "रोपं. चार लाख."

कमला ओरडली नाही. तिनं नातीला मांडीवरून उतरवलं आणि आत पाठवलं. "तुम्हाला किती दिवस आधी कळलं होतं?"

"तीन."

"तीन दिवस," कमला म्हणाली. "पोलीस पाटलाला एक फोन केला असता तर आम्ही तोडायला गेलो नसतो. तुमच्या गारा पडल्या असत्या मिरचीवर." ती उठली. "मला सांगून काय उपयोग? मला सांगून तुम्ही मोकळ्या होणार. सगळ्यांना सांगा."

शर्वरीनं सगळ्यांना सांगितलं. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तिचं नाव, हुकुमाची वेळ, तीन पानांची यादी, सगळं छापून आलं. तिला वाटलं होतं की लोक पेटून उठतील, पालट बंद पडेल. पानं उखडून टाका असं कोणीतरी म्हणेल.

लोक पेटून उठले हे खरं. पण पानं उखडा असं फार थोडे म्हणाले. बाकीचे म्हणाले, आमचं नाव यादीत का नाही? नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी महामार्ग अडवला. दोन राज्यांची सरकारं वरच्या नंबरासाठी न्यायालयात गेली. कुठेतरी साधी गारपीट झाली, दर साली होते तशी, तरी त्या गावानं शेजारच्या जिल्ह्याच्या बसगाड्या फोडल्या. आपल्यावर पडलं म्हणजे ते कोणीतरी पाडलं, आणि शेजारी वाचला म्हणजे त्याचा कोणीतरी वर बसलेला आहे, हे आता सगळ्यांना पटलं होतं. आभाळातून यापुढे नुसतं काहीच पडणार नव्हतं.

मार्चच्या शेवटी चौकशी समिती त्या गावात आली, तेव्हा शर्वरी साक्षीसाठी परत गेली. समितीचे तिघेजण शाळेच्या व्हरांड्यात पंख्याखाली बसले होते. ती बाहेर पायरीवर वाट पाहत असताना दीड महिन्यानं निशांतचा फोन आला.

"शरू, तू पुण्यात हायेस काय?"

"नाही दादा. सिरोंच्याजवळ हाय."

"परत गारपीट सांगतली हाय, तं माह्या दारासमोर दोन-तीनशे माणसं बसली हायेत. सकाळपासून. म्हणतात, बहिणीनं एकदा वाचवलं, आता परत सांगा तिले. म्हणतात तू मुद्दाम नोकरी सोडल्याचं सोंग केलं. वरूडचे हायेत, मोर्शीचे हायेत... शरू, कोणी तरी कुंपणाची जाळी फाडली. आई घाबरली हाय."

"मी तिथं नाही आता, दादा. माह्या हातात काहीच नाही."

"मी सांगतलं त्यायले. पण इश्वास कोण ठेवते?" त्याचा आवाज फाटला. "तुह्या जागी कोण बसलं ते सांग. नाव सांग फक्त. त्याचं गाव कोणतं हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. कोण बसलं होतं, त्याची आई कुठे राहत होती, त्याला कोणी फोन केला होता, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिनं दादाला मागच्या दारानं आईला घेऊन मावशीकडे जायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि मागून गलका उठला तसा फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. लागला नाही.

तिनं नकळत वर पाहिलं. कमलाही साक्ष देऊन बाहेर आली होती. शर्वरीच्या नजरेमागोमाग तिनंही मान वर केली. स्वच्छ निळं आभाळ होतं, आणि खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू ओढले गेले होते. ते ढग जेटबरोबर वाहतात. सकाळी ती गावात शिरली तेव्हा ते सरळ पूर्वेकडे चालले होते. आता, भर दुपारी, त्यांची टोकं वाकली होती आणि सगळेच्या सगळे तंतू दक्षिणेकडे उतरू लागले होते.

"काय बघता?" कमलानं विचारलं.

"कोणीतरी फिरवलंय," शर्वरी म्हणाली.

कमलानं फळीतून नुकताच सोडवलेला हात डोळ्यांवर धरला. "कोणाकडे?"

शर्वरीनं ढगांच्या दिशेनं पाहिलं, मनातल्या मनात अंतर मोजायचा प्रयत्न केला. नकाशा नव्हता, आकडे नव्हते, ते तिला आता कोणी देणारही नव्हतं. शाळेच्या पटांगणात मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या.

"आत घ्या सगळ्यांना," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून पटांगणाकडे धावत सुटली.